त्रेसष्ट वेळा 'मजेत'

६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

"अमेरिकेचं मला काही विचारू नकोस, पुस्तकात बघ," असं तू मला म्हणाली होतीस. अकरा वर्षांनी तुम्ही दोघं परत आलात त्या दिवशी, गाडीच्या मागच्या सीटवर. मी वीस वर्षांची होते आणि मोठ्यांचं ऐकणारी होते. बघितलं पुस्तकात. त्याला सव्वीस वर्षं झाली, अजून बघतेच आहे. मुलांना अमेरिकेची संस्कृती शिकवते, त्यावर पोट चालतं, आणि स्वतः तिथे एकदाच, नऊ दिवस, एका परिषदेला जाऊन आलेय. आमचे खातेप्रमुख म्हणतात, "बाई, तुमची अमेरिका कागदाची आहे." खरंच आहे. आणि त्यातला सगळ्यात चांगला कागद तुझा.

आई गेल्यावर तिच्या कपाटात तुझी एकेचाळीस पत्रं सापडली. तू म्हणालीस, "ठेव तुझ्याकडे." मी नुसती ठेवली नाहीत, त्यांवर माझ्या पुस्तकाचं मुख्य प्रकरण लिहिलंय. सोबत पाठवते आहे. थोडक्यात सांगते. त्या काळच्या अमेरिकेत सुखी दिसणं हे जवळजवळ कर्तव्य होतं. जाहिराती बघ, फोटो बघ, शेजाऱ्याला हात कसा करायचा तेसुद्धा ठरलेलं. माझं म्हणणं असं, की ते हसू तुझ्या मराठीत शिरलं. आपल्या घरात कधी कुणी 'मजेत' म्हणायचं का? आजोबांना बढती मिळाली तरी "बरं चाललंय". तूही पहिल्या तीन पत्रांत 'बरं' आहेस. चौथ्यापासून 'मजेत'. मी मोजलं, मावशी. त्रेसष्ट वेळा!

वर्गात तुझा तो हिरव्या गाडीशेजारचा, गॉगलवाला फोटो पडद्यावर दाखवला, तर पोरं शिट्ट्या मारायला लागली. एकानं विचारलं, "मॅडम, तुमची मावशी जाहिरातीत होती का?" मागच्या बाकावर एक मुलगी बसते, वर्षभर तोंड उघडत नाही. तिनं विचारलं, "पत्र पोस्टात टाकायच्या आधी कोण वाचायचं?" मी म्हटलं, "अगं, ते संसार करत होते, तुरुंग चालवत नव्हते." सगळे हसले.

प्रकाशकिणीला तुझी सही असलेलं संमतीपत्र हवंय. ३१ मार्चला पुस्तक छपाईला जातंय आणि मे महिन्यात माझी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. सगळं तुझ्या एका सहीवर अडलंय. काकांना नमस्कार.

तुझी,
ठकू


१७ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. ह्यांनीच उघडलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोन दिवस, चष्मा पुसून पुसून. आम्ही दोघं मजेत आहोत. ह्यांचे पाय आता धरत नाहीत. खुर्ची खिडकीशी असते, तिथून सगळ्या गल्लीवर लक्ष असतं. मी मजेत.

ह्यांना प्रकरण फार आवडलं. फक्त गाडी हिरवी नव्हती, शेवाळी होती, तेवढं दुरुस्त करावं असं म्हणतात. मागच्या बाकावरची मुलगी आगाऊ आहे असंही म्हणाले. सही कुठे करायची त्यावर ह्यांनी बोट ठेवलं, तिथे मी केली आहे. साक्षीदार म्हणून ह्यांची आहे. पुस्तकात ह्यांचंही नाव येईल का, विचारत आहेत.

फोन नको करूस. ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा लावावा लागतो. काळजी नसावी, अगदी मजेत आहे. आणि काय लिहू? मजेत.

तुझी,
मावशी


२५ जानेवारी

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

संमतीपत्र मिळालं त्याच दिवशी प्रकाशकिणीला पाठवलं. काकांचे आभार, गाडी शेवाळी केली आहे.

आणि तू काय गं! एका पानात चार वेळा 'मजेत'! मी विभागात आणि वर्गात सगळ्यांना वाचून दाखवलं. अमेरिका सोडून सव्वीस वर्षं झाली तरी तो शब्द सुटला नाही, हे माझ्या प्रकरणासाठी सोन्यासारखं आहे. तुझं हे पत्र तळटीप म्हणून घालते आहे. मागच्या बाकावरची तेवढी हसली नाही. तिला कशातच गंमत वाटत नाही.

तुझी,
ठकू


३ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र मी शिंपीणबाईंच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर लिहितेय. ह्यांच्या विजारीची उंची कमी करायची आहे, त्याला पाऊण तास लागतो. तेवढाच वेळ आहे. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर, बाईंच्या नावानं पाठव. घरी लिहिशील ते आधीसारखंच लिही, हसतखेळत.

ते प्रकरण छापू नकोस. सही माझी आहे, संमती नाही.

त्या मुलीला सांग, हे वाचायचे. प्रत्येक पत्र. मी लिहून उघडं ठेवायचं, ह्यांनी ऑफिसातून आल्यावर वाचायचं, मग पाकिटावर पत्ता ह्यांच्या अक्षरात. पाकिटं आहेत ना तुझ्याकडे? एकेचाळीसही पाकिटांवर ह्यांचं अक्षर. तुला त्यात काही दिसलं नाही?

ताईला आधीच वास आला होता. लग्न झाल्या झाल्या ह्यांनी माझी वही उघडून वाचली होती, ते मी तिला हसत हसत सांगितलं होतं. ती हसली नव्हती. निघायच्या आदल्या दुपारी आम्ही पेटी भरत बसलो होतो, तेव्हा म्हणाली, "सगळं ठीक असेल तर 'बरं आहे' असं लिही. नसेल तर 'मजेत' लिही. आपल्यात कोण मेलं मजेत असतंय?" मग मात्र दोघी खूप हसलो. इतक्या, की तुझे बाबा दारात येऊन बघून गेले.

चौथ्या पत्राच्या आधी काय झालं सांगते. मी पोस्टमनशी बोलताना हसले, म्हणून ह्यांनी मला अख्खी दुपार गॅरेजमध्ये कोंडलं. बाहेर बर्फ होतं. अंगावर घरातला सुती झगा. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा 'मजेत' लिहिलं. पुढची तू मोजलीच आहेस. जानेवारीतली चारही त्यात धर.

विजार झाली. जाते.

मावशी


१० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी विभागाच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. खालून मुलं येत होती, "मॅडम, तास आहे ना?" विचारत होती. मी हो म्हणत होते आणि जागची हलत नव्हते.

पाकिटं मी पाहिली होती. त्यांवर टीपसुद्धा लिहिली आहे: 'पत्ते पतीच्या हस्ताक्षरात. पत्रलेखनात सगळ्या कुटुंबाचा सहभाग दिसतो.' असं मी लिहिलंय. मी!

पण मावशी, रागावू नकोस, मला हे बोलल्याशिवाय राहवत नाही. हे आधीच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. एका शब्दाच्या आड दोन बहिणींनी अकरा वर्षं बोलत राहायचं, आणि ज्यांनी पत्रं तपासली त्यांना पत्ता लागू नये! असं उदाहरण मी कुठेही वाचलेलं नाही. हे जगासमोर यायलाच हवं. मी पंधरा दिवसांत प्रकरण नव्यानं लिहीन. तुझं नाव बदलते, फोटो काढते, गाडी काढते. काकांना समजणारही नाही.

मला एवढंच दे: आईची उत्तरं. तुझ्याकडे असतील तर दुकानातूनच पाठव. तिनं काय लिहिलं ते कळल्याशिवाय अर्धीच गोष्ट हातात राहते.

तू ठीक आहेस ना? मी काही करू शकते का?

ठकू


१९ फेब्रुवारी

ठकू,

'कितीतरी मोठं आहे' हे मी दोनदा वाचलं. बाजारात दुधीभोपळा घेताना बायका असं बोलतात. मी ठीक आहे ना, हे तुला शेवटच्या ओळीत आठवलं.

ताईची उत्तरं हवीत? बत्तीस आहेत. सगळी तुझ्याच गोल गोल अक्षरात. ताई सांगायची, तू लिहायचीस. देणार नाही, पण त्यांत काय आहे ते सांगते. अर्धी गोष्ट नको ना राहायला!

उत्तराचंही ठरलं होतं. पेट्या दोन होत्या, जोडीच्या. एक मी नेली, मोठी ताईकडे राहिली. मी 'मजेत' लिहिलं, की तिनं तुझ्या बाबांशी बोलायचं आणि त्यांनी हो म्हटलं की लिहायचं, 'मोठी पेटी उन्हात ठेवली आहे.' म्हणजे ये, तुला जागा केली आहे. ह्यांनी वाचलं तरी काय कळणार? पेटी काय, कुणीही उन्हात ठेवतं.

आमच्या शेजारी एक म्हातारी नर्स राहायची. तिच्या खिडकीतून आमचं गॅरेज दिसायचं. ती मला विमानतळावर सोडायला तयार होती. तिकिटाचंही बघते म्हणाली. "फक्त कधी ते सांग." पासपोर्ट ह्यांच्या कुठल्या खणात असतो ते मला माहीत होतं. मी तिला म्हटलं, बहिणीचं पत्र येऊ दे. जायचं कुठे ते ठरल्याशिवाय कशी निघणार मी?

पत्रं आली. नळाला पाणी नाही. शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं. एका पत्राच्या शेवटी तर नुसतं 'माझा निबंधात पहिला नंबर आला.' मी ते पत्र उलटंपालटं करून, कडेला काही लिहिलंय का ते बघितलं. पेटी नाही. बत्तीस पत्रांत कुठेच नाही. नर्स वाट बघून बघून मुलाकडे राहायला गेली.

ताई गेली तेव्हा मी आले, तिच्याजवळ बसले, रडले नाही. तुम्ही मला दगड म्हणालात, मी ऐकलं. मी तिला विचारणार होते, का गं नाही लिहिलंस? इतकी वर्षं एका तासाच्या अंतरावर राहून विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटायची.

आता हे तुझ्या पुस्तकात घालायचं? बहिणीनं बहिणीला टाकलं, म्हणून वर्गात पडद्यावर दाखवायचं? छापलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.

मावशी


२२ मार्च

ती. मावशीस,

महिना झाला. या महिन्यात मी तुला सात पत्रं लिहिली आणि फाडली. हे आठवं आहे.

आईनं ते वाक्य सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.

मी पाचवीत होते. आई शिवणयंत्रावर बसून सांगत होती, मी पलंगावर पालथी पडून लिहीत होते. ते निळं, घडीचं हवाईपत्र. खालची पट्टी मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. मला निबंधाचं लिहायचं होतं. आई म्हणाली, "आणि लिही, मोठी पेटी रिकामी करून उन्हात ठेवली आहे." मी म्हटलं, "कुठे? ती तर पलंगाखाली आहे. माझी पुस्तकं आहेत त्यात." तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं. "लिही म्हटलं ना." मला वाटलं, पेटीचं काय कळवायचं परदेशात? आणि तेही खोटं! "लिहिलंस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो."

आणि मी निबंधाचं लिहिलं.

तिनं सही केली, वाचलं नाही. माझ्यावर तिचा भरवसा होता. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझी पुस्तकं जमिनीवर रचलेली आणि पेटी गच्चीत उन्हात, झाकण उघडं. मला तेव्हा वाटलं, खोटं लिहायला लावलं म्हणून आता खरं करतेय. मी खाली येऊन पुस्तकांवरून कुरकुर केली. ती म्हणाली, "थोडे दिवस. पाहुणी यायची आहे."

मग तुझं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. त्यात दोनदा 'मजेत' होतं. आईनं विचारलं, "एवढंच? नीट बघ, पेटीचं काही लिहिलंय का?" मी नीट बघितलं. म्हटलं, नाही. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पण खोटं बोलल्याचं कळेल म्हणून गप्प बसले. आई म्हणाली, "बरं. तिचं तिनं ठरवलं." पुढे कधी तिनं ते वाक्य सांगितलं नाही. तुझं नाव निघालं की विषय बदलायची. माझ्या प्रकरणात, मावशी, मी त्यावर लिहिलंय: 'मोठ्या बहिणीला हेवा वाटत असावा.'

तू निबंधाची ओळ लिहिली नसतीस तर मला हे आठवलं असतं का, माहीत नाही. इतकी वर्षं ते कुठे होतं, तेही माहीत नाही. मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगते, कागदावरचं एकही वाक्य बिनमहत्त्वाचं समजून गाळू नका. पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय, 'या पत्रव्यवहारातलं एकही वाक्य मी गाळलेलं नाही.' ते वाचून प्रकाशकीण म्हणाली होती, "केवढा काटेकोरपणा!"

प्रकरण मी मागे घेतलं. प्रकाशकीण चिडली आहे. त्या जागी दुसरं काही द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ दिलाय. खातेप्रमुखांनी विचारलं, "बाई, मुख्य प्रकरणच काढलंत तर मुलाखतीत दाखवणार काय?" मी म्हटलं, बघू.

आईवरचा राग काढून घे. माझ्यावर ठेव, कितीही. पण मावशी, हे आपल्या दोघींतच राहू दे. मला लोकांसमोर हे सांगता येणार नाही. वर्गात तर नाहीच. तू दुकानात ये म्हणशील तेव्हा मी येईन. नको म्हणालीस तरी समजेन.

ठकू


४ एप्रिल

चि. ठकूस,

तुझं पत्र दुकानात वाचलं. बाईंनी यंत्र थांबवलं, पाणी दिलं. घरी जाऊन ते निबंधाचं पत्र काढून बघितलं. 'पहिला' या शब्दाखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. आणि खाली दोन बोटं जागा कोरी आहे. दोन्ही मावलं असतं गं.

दहा वर्षांच्या पोरीवर मी रागावणार नाही. रागावावं म्हणून दोन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही. मला दिसते ती, पालथी पडून लिहिणारी. दहा फेब्रुवारीला जिन्यात उभी होती तिच्यावर मात्र अजून राग आहे. तो जायला वेळ लागेल. त्यासाठी तुझं पत्र यायची गरज नाही, तो आपोआप जाईल.

तू लिहिलंस, आपल्या दोघींतच राहू दे. ते मला जमणार नाही, आणि का ते ऐक. छत्तीस वर्षांत मी पाच माणसांना सांगितलंय, की माझ्या सख्ख्या बहिणीनं मला वाऱ्यावर सोडलं. नर्सला सांगितलं. तुझ्या धाकट्या मामाला सांगितलं. शिंपीणबाईंना तर या फेब्रुवारीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "असतात अशा." मी मान हलवली. माझी ताई पुस्तकं खाली काढून पेटी गच्चीत नेऊन वाट बघत बसली होती, आणि मी 'असतात अशा'ला मान हलवली. बाईंना मी खरं सांगितलं. मामाला सांगू कसं? तो गेला. नर्सही गेली असेल. मी घरोघर जाऊन तरी कुणाकुणाला सांगू?

तुझं पुस्तक लांबवर जाईल.

ह्यांची काळजी करू नकोस. हे रोज विचारतात, पुस्तक कुठवर आलं? त्यांना वाटतंय त्यांचं नाव येणार आहे. आलं की मी वाचून दाखवीन, मोठ्यानं, ह्यांचा चष्मा माझ्या मांडीवर ठेवून. आणि पुढचं मी ठरवलंय. बाईंच्या दुकानावर माडीची खोली आहे, काजं-बटणं करायला त्यांना माणूस हवंय. ह्यांच्यासाठी दिवसभराची बाई बघून ठेवली आहे. ती मोठ्यानं बोलते, ह्यांना ऐकू जाईल. मी किल्ली घेतली आहे. अजून वापरली नाही. भीती वाटत नाही असं मी म्हणत नाही. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून शाळेची भिंत दिसते, एवढं बघून आले.

आता मागणं. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. मुलाखत आहे, वर्ग आहे, ती मागच्या बाकावरची मुलगी आहे. लोक हसतील, खातेप्रमुख मान हलवतील. तुझ्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं. कागद हातात आहे तोवर ते आपलं असतं, एकदा छापलं की सगळ्यांचं होतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तरी मागते. पंधरा तारखेच्या आत ते प्रकरण परत लिही. हेवा काढून टाक. प्रस्तावनेतलं 'एकही वाक्य गाळलेलं नाही' हे खोड. नावं बदलू नकोस. माझं घाल, ताईचं घाल, आणि तुझंही घाल, की सांगितलेलं वाक्य कुणी लिहिलं नाही.

तुझी,
मावशी